डॉक्टर काय म्हणाले

"शी इज ऑन हर लास्ट लेग्ज," डॉक्टर माझ्याकडे न बघता माझ्या मुलाला, भगवंतला म्हणाले.

"काय म्हणाले रे, भगवंता?"

"पायांत अशक्तपणा आहे, आई. गोळ्यांनी बरं वाटेल."

माझं डोकं तापलं. मी अक्षरं साठीनंतर शिकले, पण नातीचे इंग्रजी वाक्प्रचार रोज मीच म्हणवून घेते. 'ऑन लास्ट लेग्ज'चा अर्थ तिच्या पुस्तकात दिलाय: मरणाच्या दारात असणे.

"डॉक्टर, मरायचंय मला, ह्याला नाही. माझ्याशी बोला. दिवाळी बघेन का मी?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कठीण आहे, आजी."

भगवंत रडायला लागला.

"रडशील नंतर. 'दिवाळीनंतर नेतो' म्हणत माझ्या बहिणीची भेट लांबवतोयस. ऊठ, गाडी आत्ताच आटपाडीकडे घे."