पाच मिनिटांची गादी

"पण बसणार कोण?" कुशनवाल्याने दुसऱ्यांदा विचारलं.

बाईंनी नुसतं गाडीकडे बोट दाखवलं. गाडीचा मागचा फाळका त्यांनी खाली पाडला होता. फाळक्यातच सामानाची एक उथळ पेटी होती आणि पेटीवर ॲल्युमिनियमचं झाकण. त्या झाकणावर त्यांना गादी बसवून हवी होती, आणि तीही उद्या चारच्या आत.

"ताई, उगाच चौकशा करतोय असं समजू नका," तो म्हणाला. हे अर्धंच खरं होतं. "वजन किती, बसणार किती वेळ, हे कळलं की त्याप्रमाणे फोम घालता येतो."

"वजनाचं काही सांगता येत नाही. वेळ म्हणाल तर पाच मिनिटं. फार तर दहा."

"पाच मिनिटांसाठी गादी?"

"हो. वर बटणं नकोत, मधे शिवण नको. पुसता येईल असं रेक्झिन घाला. पण मऊ करा, काका. अगदी मऊ."

किल्ली ठेवून त्या निघून गेल्या, आणि कुशनवाल्याच्या डोक्यात भुंगा सोडून गेल्या.

तीस वर्षांत त्याने सीट बघून माणसं ओळखली होती. एका बाजूने दबलेली सीट म्हणजे मागच्या खिशात जाड पाकीट. पुढची कड झिजलेली म्हणजे माणूस बुटका किंवा घायकुता. या झाकणावर मात्र कोणी बसल्याची खूणच नव्हती. नुसते बारीक ओरखडे होते, चार-चार ओळींचे. वास फिनेलचा.

"मासे विकत असेल," तो म्हणाला.

"माशाला गादी कशाला, अहो?" बायको मशीनवर रेक्झिनची पट्टी शिवत होती.

"मग लहान मुलांचे फोटो काढत असेल. पेटी उघडून बघू का?"

"किल्ली विश्वासाने दिलीय त्यांनी. नको तिथे नाक खुपसू नका."

तो कामाला लागला. पाच मिनिटं बसणाऱ्याला भारी फोम कशाला, असा हिशेब करून त्याने तळाला जुन्या सीटमधून निघालेले तुकडे घातले आणि वर एक बोटभर चांगला थर दिला. रेक्झिन ताणून बसवलं. वरून बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं असं काम झालं.

आता राहिली तपासणी. दुकानातली म्हातारी मांजरी, जिला बायको इन्स्पेक्टरीण म्हणायची, ती प्रत्येक नव्या सीटवर चढायची. झोपली तर सीट पास. मोठमोठ्या गाड्यांच्या सीटा तिने पास केल्या होत्या, आणि तिने पास केलेली एकही सीट कधी परत आली नव्हती. याचा कुशनवाल्याला भारी अभिमान होता. आज इन्स्पेक्टरीण गादीवर चढली, दोन पावलं चालली, एका जागी पंजा दाबून बघितला आणि खाली उतरून गेली.

"अगं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे!" तो तिच्यामागे ओरडला.

"मांजराला घड्याळ कळत नाही," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमारास बाई आल्या. त्यांनी तळहाताने गादी दाबली नाही, बसूनही बघितलं नाही. त्या वाकल्या आणि गादीवर गाल टेकून, डोळे मिटून तशाच राहिल्या. अशी परीक्षा घेणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"काका, आत कडक लागतंय. मधोमध."

कुशनवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने मशीन थांबवून त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने कडेचं रेक्झिन उचकटलं, तुकडे काढून टाकले आणि घरच्या सोफ्यासाठी राखून ठेवलेला फोम माळ्यावरून उतरवला.

हात चालू होते, पण जीभ राहीना. "ताई, किती वर्षं वापरताय हे झाकण?"

"सहा."

"सहा वर्षं पत्रा चालला. मग आताच काय झालं?"

"गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले होते. पत्र्याला हात लावला आणि म्हणाले, किती गार आहे हा. मग भर रस्त्यात अंगातला शर्ट काढून त्यांनी त्यावर अंथरला. उघड्या अंगाने उभे राहिले शेवटपर्यंत. मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं ते."

"शर्ट अंथरून बसले?"

"ते नाही बसले," बाई म्हणाल्या.

कुशनवाल्याचा गोंधळ उलट वाढलाच. पण रेक्झिन ताणायच्या वेळी बोलायचं नसतं, म्हणून तो बोलला नाही. साडेतीनला शेवटची कड बसली. इन्स्पेक्टरीण कुठूनशी आली, उडी मारून गादीवर चढली, स्वतःभोवती एक फेरी मारली आणि नाक शेपटीत खुपसून झोपली. बघता बघता घोरायलाही लागली.

"पास!" कुशनवाल्याच्या जिवात जीव आला. "आता बघा ताई, यावर टेकलेला उठायचं नावच घेणार नाही!"

बाईंनी एक हात मांजरीच्या छातीखाली घातला, दुसरा मागच्या पायांखाली. इतक्या अलगद उचललं, की तिने डोळाही उघडला नाही. मग त्यांनी ती कुशनवाल्याच्या हातात दिली.

"हिला इथे झोपू देऊ नका, काका. मी जनावरांची डॉक्टर आहे. औषधपाण्याचे दिवस संपले की लोक मला दारात बोलावतात. मी झोपवलेलं या झाकणावरून कोणी उठत नाही."