उजवी बाजू

स्क्रीनवर कोणती विंडो कुठे बसवायची हे ठरवणारा एक प्रोग्राम असतो. माझ्याकडच्या प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला आहे, म्हणून माझे हात शिवशिवतात. काल त्यात मी एक बदल केला: जितक्या विंडो उघड्या असतील, तितके स्क्रीनचे सारखे वाटे करायचे.

सकाळी मी एकच विंडो उघडली. ती डाव्या अर्ध्या भागात जाऊन बसली. उजवा अर्धा काळाच राहिला.

कोड पुन्हा वाचला. चूक सापडेना. शेवटी प्रोग्रामलाच विचारलं, किती विंडो उघड्या आहेत? त्याने दोन सांगितल्या.

बायको दारातून डोकावली. "अहो, चहा टाकू का?"

"टाक. इथे कुणीतरी अर्धी जागा अडवून बसलंय."

"मग उठवा की त्याला!" ती हसत आत गेली.

मी कोडात एक ओळ वाढवली: जी विंडो कुणीच वापरत नसेल, ती बंद कर. प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

माझी विंडो बंद झाली. काळा भाग डावीकडे पसरत गेला आणि त्याने सगळा स्क्रीन व्यापला.

घाबरायला हवं होतं, पण तसं काहीच वाटलं नाही. मी कीबोर्डवर हात आपटला. आवाज आला नाही.

बायको चहा घेऊन आली. माझ्याकडे न बघता तिने कप टेबलाच्या उजव्या टोकाला ठेवला. तिथे कुणीच नव्हतं.

"काय हो, उठला का तो?" तिने त्या बाजूला बघत विचारलं.

आणि उत्तर ऐकून ती हसली.