रोवनखालचा डबा

लव्हडेला रीतभात नव्हती, हे हेस्टर लस्कमचं मत मुलाच्या लग्नाच्या दिवसापासूनचं होतं. पण सुनेनं रविवार पळवला, तेव्हा मात्र हद्द झाली.

चाळीस वर्षं रविवारी एकच्या ठोक्याला हेस्टरच्या टेबलावर भाजलेलं मटण यायचं. मुलगा रूबेन ते कापायचा. नात टॅम्सिन आजीला चिकटून बसायची आणि सफरचंदाच्या पायवरची साय आधी चाटून घ्यायची. आता वर्ष झालं, रविवार उजाडला की तिघं बूट चढवून डार्टमूरच्या माळावर पळत. लेटरबॉक्स शोधायला!

"लेटरबॉक्स म्हणे," हेस्टर शेजारणीला सांगायची. "ना पोस्टमन, ना पत्र. कुणीतरी खडकाखाली डबा दडवायचा, आत एक वही आणि रबरी शिक्का. ह्यांनी कागदावरच्या खुणा वाचत तो हुडकायचा. त्याचा शिक्का आपल्या वहीत, आपला त्याच्या वहीत. मग डबा होता तिथं ठेवायचा आणि भिजून घरी यायचं. शहाणी माणसं!"

शिक्का ज्याचा त्याचा वेगळा. रूबेनचा मेंढा, टॅम्सिनचं पाणमांजर, लव्हडेची किटली. लव्हडे ते खोडरबरातून स्वतःच कोरायची. त्या आठवड्यात ती असंच काही कोरत बसली होती, आणि हेस्टर आत येताच तिनं ते झटकन ॲप्रनच्या खिशात सारलं.

"मी काय खाणार होते का ते?" हेस्टर म्हणाली.

सून नुसती हसली. ते हसू हेस्टरला दिवसभर टोचत राहिलं.

शुक्रवारी चहाच्या वेळी लव्हडेनं नव्या डब्याच्या खुणा मोठ्यानं वाचल्या. एकदा नाही, तीनदा. "थॉर्न टॉरच्या खडकाळ टेकडीखाली रोवनचं एकटं झाड. तिथून ओढ्याकडे चाळीस पावलं. चपट्या दगडाखाली."

"ऐकू येतं मला. बहिरी नाही झाले अजून."

"मग या रविवारी तुम्हीही चला ना, आई. टॅम्सिन वाट बघते तुमची."

"वाट बघायची तर माझ्या टेबलाशी बसून बघावी. माझी ढोपरं माझ्या चुलीपाशी सुखात आहेत."

लव्हडे कागद साखरेच्या भांड्याखाली सरकवून उठली. अक्षरं चांगली ठळक होती. हेस्टरची शाळा तिसरीतच सुटलेली, पण तेवढं तिला वाचता येत होतं.

शनिवारी तिघं बाजाराला गेली. गाडी वळणाआड जाताच हेस्टरनं काठी घेतली आणि टेकडी चढायला लागली. ढोपरांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. लहानपणी ह्याच उतारावर तिनं बापाच्या मेंढ्या वळल्या होत्या. रोवन कुठलं, हे तिला कागदानं सांगायची गरज नव्हती.

चपटा दगड उचलला. डबा होता.

तो तिनं उघडला नाही. दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. तिनं तो फक्त ओढ्यापलीकडे नेला आणि मेंढवाड्याच्या पडक्या भिंतीत, आतल्या अंगाला खोचला. डबा जागचा हलवायचा नाही, हा ह्या खेळाचा पहिला नियम. टॅम्सिननं तो शंभरदा म्हणून दाखवला होता. पण नियम त्यांचा होता. माळ हेस्टरचा होता.

रविवारी न्याहारीला ती म्हणाली, "मीही येते आज."

रूबेनच्या हातातला चमचा पडला. लव्हडेनं कपाटातून नवेकोरे बूट काढले. हेस्टरच्या मापाचे.

"हे कधी आणलेस?"

"असू द्यावेत म्हटलं घरात."

दिखावा, हेस्टर मनात म्हणाली, आणि पाय आत घातले.

रोवनपाशी रूबेननं चाळीस पावलं मोजली. चपट्या दगडाखाली नुसते किडे होते. मग आजूबाजूचे दगड झाले, झुडपं झाली. लव्हडे मात्र खडकावर बसून थर्मासमधला चहा ओतत होती.

"खुणा चुकल्या वाटतं," हेस्टर सुखानं म्हणाली. "शहरात वाढलं की चाळीसपर्यंत मोजणंसुद्धा जड जातं."

"असेल, आई. साखर किती घालू?"

टॅम्सिननं तोच दगड चौथ्यांदा उलटला आणि तिथंच मटकन बसली. तिचे डोळे भरले. "हा माझा शंभरावा होता, आजी. शंभराव्याला बिल्ला मिळतो. महिनाभर थांबले होते मी ह्याच्यासाठी."

"थांबलीस कशाला? कुणी अडवलं होतं?"

"शंभरावा तुझ्याबरोबरच शोधायचा होता मला."

हेस्टरचा चहा तोंडात तसाच राहिला. मग तिनं पेला खाली ठेवला.

"सरका बघू. तुम्हां लोकांना डोळे असून उपयोग नाही."

ती ओढा ओलांडून थेट मेंढवाड्यात गेली. भिंतीकडे न बघता हात आत घातला आणि डबा काढला.

रूबेन बघतच राहिला. "आई, तुला कसं कळलं?"

"नशीब लागतं."

टॅम्सिननं डबा उघडला. पहिलं पान सोडलं तर वही कोरी होती. सोबत दोन शिक्के: एक डब्याचा, रोवनच्या झाडाचा. दुसरा गोर्सच्या झुडपाचा, अंगभर काटे आणि वर फुलं.

"आजी, ह्याच्यावर तुझं नाव आहे! आणि वहीत आईनं काहीतरी लिहिलंय." ती मोठ्यानं वाचायला लागली. "'शुक्रवार. आई, उद्या आम्ही बाजारात असताना तुम्ही हा डबा हलवाल, म्हणजे रविवारी तो तुमच्याशिवाय कुणालाच सापडायचा नाही. आलात ना शेवटी? बूट चावत तर नाहीत?'"

हेस्टरनं सुनेकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"लव्हडे, एक नंबरची लबाड बाई आहेस तू," ती म्हणाली. "आणि मी मूर्ख इतकी वर्षं म्हणत होते, की तू लस्कमांच्या घरात शोभत नाहीस."