एकच परवाना

मूस कौकोपासून तीस पावलांवर उभा होता. हरणांच्या कुळातला, घोड्याहून उंच नर, शिंगांवर पहाटे पडलेला बर्फ, तोंडात कुठलीशी डहाळी. इतका सोपा नेम चाळीस वर्षांत कौकोला दोनदाच मिळाला होता. त्याने बंदूक खांद्याला लावली, सुरक्षेचा खटका काढला, श्वास रोखला. मग खटका परत लावला आणि बंदूक मांडीवर ठेवली. मूस डहाळी चघळत सावकाश ओढ्याकडे निघून गेला.

पाच मिनिटांनी वॉकीटॉकी खरखरला.

“कौको, काही दिसलं का रे?” टोळीचा म्होरक्या वेइयो विचारत होता.

“काही नाही.”

“हिल्का, तुला?”

“खार दिसली एक. तीही माझ्यासारखीच म्हातारी.”

कौकोला स्वतःची लाज वाटली. एकेकाळी या टोळीत चौदा माणसं होती, आता तीन उरली होती. यंदा परवानाही एकाच मुसाचा मिळाला होता. तो पडला की शिकार संपली. मांसाचे तीन वाटे करायचे, बंदुका कपाटात ठेवायच्या आणि ज्याने त्याने आपापलं घर गाठायचं. कौकोचं घर तळ्यापलीकडे, सगळ्यात टोकाला. त्याची बायको लैला जाऊन सहा वर्षं झाली होती. गेल्या हिवाळ्यात अकरा दिवस त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं. बाराव्या दिवशी पोस्टमन दारात आला, तर ‘ये’ म्हणायला त्याचा आवाजच फुटेना. शिकारीच्या दिवसांत मात्र रोज सकाळी कोणीतरी त्याला नावाने हाक मारायचं. तेवढ्या एका हाकेसाठी त्याने एवढं मोठं जनावर सोडून दिलं होतं.

दुपारी तिघं शेकोटीभोवती जमली. काळी किटली उकळत होती. काठ्यांना टोचलेली सॉसेजं विस्तवावर तडतडत होती.

“आज बारावा दिवस,” वेइयो म्हणाला. “मुसांना कळलेलं दिसतंय, की इथे तीन पेन्शनर बसलेत. लांबूनच हसून जात असतील.”

“तुझं घोरणं ऐकून जात असतील,” हिल्का म्हणाली. “माझा फ्रीझर बघ येऊन. नुसत्या बेरी भरल्यात. घरात मांस म्हणशील तर एक मांजर तेवढं आहे.”

“माझे गुडघे काही पुढच्या वर्षी येतील असं वाटत नाही,” वेइयो म्हणाला. “ जाता जाता एक मिळाला असता तर बरं झालं असतं.”

आपण या दोघांच्या तोंडचा घास काढून घेतला, असं कौकोला वाटत राहिलं. सांगून टाकावं, असं दोनदा मनात आलं आणि दोनदा त्याने नुसतीच कॉफी ढवळली. निदान तो मूस आला कुठून, एवढं तरी बघून ठेवावं. उद्या हिल्काला नेमकं तिथे बसवता येईल. पापाची थोडी तरी भरपाई.

“थर्मास जागेवरच राहिला बघ माझा,” असं म्हणून तो उठला.

थर्मास खरंच राहिला होता. तो पिशवीत टाकून कौकोने मुसाचा माग उलट्या दिशेने धरला. ताज्या बर्फात खूर ताटलीएवढे उमटले होते. माग टेकाड चढून वीज पडलेल्या पाइनच्या झाडाकडे गेला होता. त्या पाइनखालच्या ओंडक्यावर हिल्का बसायची. ओंडका वीस पावलांवर असताना माग एकाएकी नाहीसा झाला.

तिथला बर्फ झाडलेला होता. स्प्रूस झाडाच्या सुईदार पानांच्या फांदीच्या बारीक रेषा त्यावर दिसत होत्या. दहा-बारा पावलं पुढे खूर पुन्हा सुरू झाले होते. ओंडक्याशेजारी मात्र बर्फात एक गोल खळगा राहून गेला होता. गुडघ्याचा. हिल्काने गुडघा टेकून नेम धरला होता आणि गोळी न झाडता ती तशीच उठली होती.

कौको ओंडक्यावर मटकन बसला. थोड्या वेळाने उठून तो माग धरत आणखी वर, वेइयोच्या जागेपर्यंत गेला. तिथेही तेच. फक्त वेइयोला वाकता येत नसल्यामुळे काम अर्धवट झालं होतं. फांदीच्या रेषांच्या मधोमध एक खूर जसाच्या तसा शिल्लक होता.

कौको हसला. एकट्याने, मोठ्याने, त्या अख्ख्या जंगलात. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते हातमोज्याने पुसले. वेइयोचं राहिलेलं काम त्याने बुटाने पुरं केलं. मग स्प्रूसची एक फांदी मोडून तो आपल्या जागेकडे परत आला. लैला शनिवारी वाफेच्या न्हाणीघराची, सौनाची फरशी झाडायची तसा त्याने तिथला बर्फ नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून झाडला.

तो शेकोटीशी पोचला तेव्हा दोघंही तिथेच होती. त्याचा कप भरून विस्तवाजवळ ठेवलेला होता.

“थर्मास मिळाला?” वेइयोने विचारलं.

“मिळाला.”

“वाटेत काही माग वगैरे?” वेइयो विस्तवाकडे बघत होता. हिल्काचा कप ओठांपाशीच थांबला.

“नाही रे,” कौको म्हणाला. “सगळा बर्फ कोरा.”

हिल्का सरकली आणि तिने त्याला लाकडावर जागा करून दिली. मग तिचं लक्ष त्याच्या बाहीकडे गेलं. बाहीला स्प्रूसच्या हिरव्या सुया चिकटल्या होत्या. तिने त्या एकेक करून वेचल्या आणि विस्तवात टाकल्या. त्या तडतडून जळाल्या.

“उद्या सातला?” तिने विचारलं.

“सातला,” वेइयो म्हणाला. “परवान्याची मुदत संपायला अजून अडीच महिने आहेत.”