मुलींसाठी सुरक्षित

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी संचिता ट्रॅकसूट घालून, हॉल तिकीट मुठीत धरून जिना उतरली आणि खालच्या लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप बघून जागच्या जागी उभी राहिली. पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. ठाण्यात साकेतच्या मैदानावर पाचला हजेरी, आणि पाच म्हणजे पाच. उशीर झाला की नाव कटलं. वयात बसणारी तिची ही शेवटची भरती होती.

कुलूप प्रितमचं. खारीगावातल्या आपल्या घराच्या वरच्या खोल्या तो मोबाइलवरून चार-आठ दिवसांसाठी भाड्याने द्यायचा. ‘मुलींसाठी सुरक्षित, घरगुती वातावरण’ एवढं वाचूनच संचिताच्या वडिलांनी कराडला बसून खोली ठरवली होती. सुरक्षित म्हणजे काय, ते पहिल्याच रात्री कळलं. दहा वाजले की प्रितम दाराला बाहेरून साखळी गुंडाळायचा, कुलूप घालायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. आग लागली तर काय करायचं, असं तिच्याच खोलीत उतरलेल्या, भरतीलाच आलेल्या शिवानीने विचारलं, तेव्हा तो लहान मुलीला समजवावं तसा हसला होता. तुमच्याच सेफ्टीसाठी आहे ताई, म्हणाला होता. परीक्षेच्या दिवशी चारला येऊन उघडतो, असा शब्दही त्याने दिला होता.

शब्द दिला आणि गडी मोहन्याला मावसभावाच्या हळदीला गेला. हळदीत एकदा बेंजो सुरू झाला की खिशातल्या फोनला कोण विचारतो! संचिताने सात वेळा फोन लावला. सातव्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मागोमाग खाली आलेल्या शिवानीने जाळीतून हात घालून साखळी ओढून बघितली. साखळी ढिली होती. कुलूप सरकत आत आलं आणि आतल्या पायरीवर टेकलं. पण हाताने ओढून का कुलूप उघडतं?

संचिताने बॅग उघडली. तळाशी टॉवेलात गुंडाळलेला गोळा होता, गोळाफेकीचा, चार किलोचा, लोखंडी. सरावासाठी तो कराडहून वागवत आणला, तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला होता. त्यापेक्षा तेवढे तांदूळ ने, खाशील तरी, म्हणाली होती. संचिताने गोळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

“थांब.”

जिन्यावर प्रितमची आई उभी होती. ठमाबाई. बारकी, काटक, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं. संचिताचे हात आपोआप खाली आले. निघालो पोलीस व्हायला आणि सापडलो लोकांचं कुलूप फोडताना. एक तक्रार झाली तरी जन्माचं वाटोळं.

“आजी, पाचला पोचले नाही तर संपलं माझं,” ती म्हणाली. “किल्ली द्या ना.”

“किल्ली मनापन नाय देत तो.”

दहानंतर ही बाईही आतच असते, हे संचिताच्या डोक्यातच आलं नव्हतं. मिठागरावर जन्म काढलेली बाई, भल्या पहाटे डोक्यावर पाटी घेऊन खाडीला जायची, असं प्रितमनेच कौतुकाने सांगितलं होतं. आणि आता स्वतःच्या घरात साखळीआड.

ठमाबाई वळली आणि वर गेली. झालं. आता मुलाला फोन लावणार, नाहीतर शेजारी गोळा करणार. चार पंचवीस झाले होते.

ठमाबाई खाली आली ती छातीशी दगडी पाटा धरून. एकेक पायरी उतरत आली, पाटा खालच्या पायरीवर टेकवला, साखळी ओढली आणि कुलूप पाट्यावर मधोमध ठेवलं.

“लादी फुटंल माजी,” ती म्हणाली. “आता घाल.”

पहिला घाव निसटला. दुसऱ्याने ठिणगी उडाली, पण कुलूप हललं नाही. तिसऱ्या वेळी संचिताने दात आवळले आणि सहा महिने मैदानावर घाम गाळून कमावलेली सगळी ताकद त्या एका जागी घातली. कडी उघडली. साखळी खळखळत खाली आली. संचिताला इतका आनंद झाला की तिने ठमाबाईला उचलायचंच बाकी ठेवलं.

रस्त्यावर रिक्षा नव्हती. ठमाबाईने दोन घरं पलीकडच्या राघोला, म्हणजे आपल्या पुतण्याला, हाका मारून अंथरुणातून उठवलं. त्याने रिक्षा काढली तशी ती स्वतःही दोघी पोरींच्या मध्ये जाऊन बसली. तुम्ही कुठे निघालात, असं कुणी विचारलं नाही.

पाचला दहा कमी असताना दोघी मैदानाच्या रांगेत होत्या. हवालदाराने हॉल तिकीट बघितलं, यादीत नावावर टिक केली आणि मोबाइल आत चालणार नाही म्हणून बजावलं. संचिता तो ठमाबाईच्या हातात देत होती, तेवढ्यात फोन वाजला. प्रितम. तिने उचलला, तर त्याचा आवाज फोन कानाला न लावताही ऐकू येत होता. दार उघडं कसं, कुलूप कुणी फोडलं, आई घरात का नाही? शेजाऱ्याने त्याला सगळं कळवलं होतं.

ठमाबाईने फोन कानाला लावला.

“मीच कुलूप फोराला सांगला,” ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. रांग पुढे सरकली. संचिता आत पाऊल टाकता टाकता मागे वळून बघत होती. दिव्यांच्या उजेडात म्हातारी पाठ ताठ करून उभी होती, कमरेवर हात ठेवून. फोनमधून विचारलेलं संचितालाही ऐकू आलं: अगं, पण तू घरी कधी येणार?

“मना वाटंल तवा,” ठमाबाई म्हणाली.