दहा-दहाची चाल

दिगंबररावांच्या हातात दोन भिकार पत्ते आले होते. फोनवरच्या पोकरमध्ये असं झालं की ते आपली पैशांची सगळी रास पुढे ढकलत आणि समोरचे घाबरून डाव सोडून देत. पैसे खोटे होते, दरारा मात्र खरा होता.

पण आज ते हौसेने लिमिटच्या टेबलावर बसले होते. इथे चाल ठरलेली, एका वेळी दहाच्या वर जायची सोयच नाही. त्यांनी दहा लावले. दहाच तर आहेत, म्हणून समोरच्या पाचही जणांनी निवांत भरले. पुन्हा लावले, पुन्हा भरले. कुणी घाबरेचना. शेवटी पत्ते उघडले आणि अब्रू गेली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दोडक्याचा वास आला. एरवी दोडका असला की ते "मी जेवणारच नाही" म्हणून गरजत, त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई "बरं" म्हणत, आणि दुपारी ते गुपचूप चिवड्याचा डबा उघडत. आज त्यांना वाटलं, धमकीसुद्धा बेताबेताने वाढवून पाहावी.

"मी एक पोळी कमी खाईन."

"एक कमी लाटते."

"भातही नको."

"बरं, तांदूळ निम्मेच धुते."

"ताकसुद्धा नको."

वैजयंतीबाईंनी गॅस बारीक केला. "चालेल. आणि चिवड्याचा डबा मी सकाळीच शेजारी देऊन टाकलाय."

दिगंबरराव फोन ठेवून उठले. मग खुर्ची ओढून ताटाशी बसले.

"दोडका जरा जास्तच वाढ," ते म्हणाले.