खोल खिसे

टिल्लूने फीत कापली, कात्री दुकानदाराकडे दिली आणि दोन्ही हात परत पॅंटच्या खिशात घातले.

दुकान टीव्हीचं. नवंकोरं, पुठ्ठ्याचा वास अजून न गेलेलं. दुकानदाराने हौसेने भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकच जुनी मालिका लावली होती. चोवीस पडद्यांवर चोवीस टिल्लू, वय वर्षं आठ, मोठ्या भावंडांच्या मागे धावत होते. उजवा हात डोक्याच्या वर, मनगट सैल, बोटं अशी फडफडताहेत की जणू पाखरूच सुटलंय, आणि तोंडाने, "थांबा की रे, मी पण येतो." पस्तीस वर्षं झाली, लोक अजून तेवढंच मागत होते. त्रेचाळिसाव्या वर्षीही त्याला नाव एकच, टिल्लू.

फोटोसाठी लागलेल्या रांगेतल्या एका काकूंनी त्याला वरून खालून न्याहाळलं. "काय रे टिल्लू, केस कुठे गेले तुझे?"

"मोठी भावंडं घेऊन गेली, काकू. मी थांबा म्हणत होतो, ऐकतंय कोण."

दुकान खो खो हसलं. काकूंच्या सुनेने फोटो काढला, टिल्लूने वाक्य म्हटलं. मग मागचे आले, मग त्यांच्या मागचे. वाक्य तेच, हसू तेच, हात खिशात.

"हातपण करा ना तसा," एका मुलीने हट्ट धरला.

"हात रिटायर झाला, बाळा. आता नुसतं तोंड चालतं."

रांगेच्या शेवटी एक माणूस मघापासून "तुम्ही व्हा पुढे" करत सगळ्यांना सोडत होता. साधारण टिल्लूच्याच वयाचा. कडक इस्त्रीचा शर्ट, हात खिशात. रांग संपली तेव्हा तो जवळ आला, पण त्याने मोबाईल काही काढला नाही.

"मी शाळेत चित्रकला शिकवतो. फोटो नकोय मला. एक विचारायचंय. त्यासाठी अडीच तास बसने आलोय, तेव्हा नाही म्हणू नका."

"विचारा की."

चित्रकलेच्या सरांनी हनुवटीनेच भिंतीकडे खूण केली. "हे पहिल्या वर्षाचे भाग. दुसऱ्या वर्षी तुमचे हात खिशात गेले ते शेवटपर्यंत बाहेर आले नाहीत. का?"

पस्तीस वर्षांत लोकांनी टिल्लूला काय काय विचारलं होतं. उंची, पगार, शाळेत किती वेळा नापास झालास, लग्न कधी. हे कुणी विचारलं नव्हतं. तो हसायला गेला आणि खरं बोलून बसला.

"दिग्दर्शक म्हणाले, पोरगं मुलीसारखे हात हलवतं, बरं दिसत नाही. मग कपडेपटातल्या मावशींनी खिसे शिवले. चांगले कोपरापर्यंत खोल. शिवताना म्हणाल्या, थोडेच दिवस घाल रे राजा."

"वाटलंच मला," सर म्हणाले. "आमच्या घरी सगळे तुमच्या वाक्याला हसायचे. मी हात बघायचो. म्हणायचो, चला, माझ्यासारखं आणखी एक जण आहे. मग एका रविवारी हात दिसेनात. सोमवारी मीही माझे आत घातले."

दोघांनी खाली पाहिलं. दोन माणसं, चार हात, आणि एकही दिसत नव्हता.

"परतीची बस पाचला आहे," सर हळूच म्हणाले. "कोपऱ्यावर चहा मिळतो. येताय?"

त्या आवाजात चहापेक्षा बरंच काही होतं, आणि टिल्लूला ते लख्ख कळलं. पण मेलं तोंड सवयीने आधीच उघडलं होतं.

"आलो असतो हो. पण घरी बायको वाट बघते."

ही बायको गेली अठरा वर्षं वाट बघत होती. ती मुळात नव्हतीच. जीव पुरुषांवर जडतो आणि काम मिळतं ते घरादाराच्या लाडक्या टिल्लूला, अशा माणसाला एखादी बायको बाळगावीच लागते. तिने त्याला कितीतरी प्रश्नांतून सोडवलं होतं. घरी गेल्यावर कुलूप मात्र त्याचं त्यालाच उघडावं लागे.

सरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "हो," ते म्हणाले. "माझीही बघते."

ते दाराबाहेर पडले. रिकाम्या खोक्यांच्या ढिगाला वळसा घालून सिग्नलपाशी जाऊन उभे राहिले, पाठमोरे. टिल्लू काचेतून बघत राहिला. मग चालत, मग जवळजवळ पळतच दारापर्यंत गेला. हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, नाव विचारायचंच राहिलं होतं.

उजवा हात आपणहून खिशातून निघाला. डोक्याच्या वर गेला, मनगट सैल सुटलं, बोटं फडफडली.

"थांबा की रे, मी पण येतो."

मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अगदी तस्सं," काकू म्हणाल्या. "म्हणे रिटायर झाला."

दुकानदार मोबाईल सरसावत धावत आला. "साहेब, एवढं राहिलंच होतं बघा. जरा तोंड इकडे करा आणि परत एकदा होऊन जाऊ द्या."

पलीकडे जायचा सिग्नल हिरवा झाला होता. टिल्लूने तोंड इकडे केलं नाही. हात आणखी उंच नेला, आणि परत एकदा म्हटलं.